रिव्हिजन हिप रिप्लेसमेंट आणि बोन ग्राफ्ट: झिजलेल्या हाडात नवा सांधा घट्ट कसा बसवतात?

खुब्याचा सांधा बदलण्याचं ऑपरेशन, म्हणजेच हिप रिप्लेसमेंट, आता बहुतेकांना ऐकून माहीत असतं. घरात किंवा शेजारी कुणाचं तरी झालेलं असतं. पण हाच बदललेला सांधा पंधरा-वीस वर्षांनी सैल झाला तर काय करतात, हे फारसं कुणी सांगत नाही. या दुसऱ्या ऑपरेशनला रिव्हिजन म्हणतात आणि ते पहिल्यापेक्षा बरंच अवघड असतं. अडचण नव्या सांध्याची नसते, तो बाजारात मिळतो. अडचण असते ती त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाची, कारण ते हाड तोवर झिजून गेलेलं असतं.

या लेखात आपण पाहू की हे गेलेलं हाड परत कसं भरतात, हाडाचा चुरा कुटून बसवल्यावर त्यावर माणसाचं वजन कसं पेलतं, आणि ही पद्धत कुठे चालते, कुठे चालत नाही.

आधी थोडे शब्द

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला चेंडू. वाटी कमरेच्या हाडात असते आणि चेंडू म्हणजे मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक. हिप रिप्लेसमेंटमध्ये दोन्ही बदलतात.

- कप: कमरेच्या हाडातल्या वाटीत बसवलेली कृत्रिम वाटी. बहुतेक वेळा आतून पॉलिथिलीन या कडक प्लॅस्टिकची असते.
- स्टेम: मांडीच्या हाडाच्या पोकळीत उतरवलेला धातूचा दांडा. त्याच्या वरच्या टोकाला धातूचा किंवा सिरॅमिकचा चेंडू असतो.
- बोन सिमेंट: कप आणि स्टेम हाडात पक्के करणारं अ‍ॅक्रिलिक. नाव सिमेंट असलं तरी ते डिंकासारखं चिकटवत नाही. मऊ असताना हाडाच्या बारीक छिद्रांत घुसतं आणि कडक झाल्यावर तिथे अडकून बसतं.
- जाळीदार हाड: हाडाच्या आतला स्पंजासारखा भाग. बाहेरची कडक साल वेगळी. ग्राफ्टसाठी मुख्यतः हा जाळीदार भाग वापरतात.
- बोन ग्राफ्ट: एका जागेचं हाड घेऊन दुसरीकडे भरणं. स्वतःचंच हाड असेल तर ऑटोग्राफ्ट, दुसऱ्या माणसाचं असेल तर अ‍ॅलोग्राफ्ट.

चांगला बसवलेला सांधा सैल का होतो?

आजच्या पद्धतीचं हिप रिप्लेसमेंट ब्रिटनमधल्या रायटिंग्टन इथे सर जॉन चार्नली यांनी रुजवलं. त्यांनी सुरुवातीला टेफ्लॉनचे कप वापरले. ते दोन-तीन वर्षांतच झिजले आणि झिजलेल्या भुकटीने आजूबाजूचं हाड व मांस खराब केलं. मग नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी पॉलिथिलीन वापरायला घेतलं आणि ते टिकलं.

टिकलं, म्हणजे झिजायचं थांबलं असं नव्हे. दर पावलाला चेंडू कपावर घासतो. डोळ्यांना न दिसणारे प्लॅस्टिकचे कण सुटतात आणि सांध्याभोवती जमतात. शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी हे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग त्या रासायनिक संदेश सोडत राहतात. त्या संदेशांमुळे हाड खाणाऱ्या पेशी, ज्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, त्या जाग्या होतात आणि इम्प्लांटभोवतीचं हाड हळूहळू विरघळवतात. याला ऑस्टिओलिसिस म्हणतात. जंतूंचा संबंध नसताना सांधा सैल होण्याचं हे एक मोठं कारण आहे.

सांधा एकदा हलायला लागला की चक्र सुरू होतं. हालचालीमुळे आणखी कण, आणखी कणांमुळे आणखी हाड जातं. जंतुसंसर्ग, सांधा वारंवार निखळणं, पडून हाड मोडणं ही रिव्हिजनची बाकीची कारणं.

इथे एक धोक्याची गोष्ट लक्षात ठेवा. हाड जात असताना बऱ्याचदा दुखत नाही. पेशंटला त्रास जाणवेपर्यंत एक्स-रेमध्ये मोठा खड्डा दिसू शकतो. म्हणून सांधा बदललेल्या माणसाने काही दुखत नसलं तरी डॉक्टर सांगतील त्या अंतराने एक्स-रे काढत राहायला हवा. १९९० च्या दशकाच्या शेवटी आलेलं क्रॉसलिंक केलेलं पॉलिथिलीन खूप कमी झिजतं, त्यामुळे हा त्रास घटला आहे. पण जुने कप घेऊन चालणारी माणसं अजून भरपूर आहेत.

नवा सांधा थेट का बसवत नाहीत?

पहिल्या ऑपरेशनच्या वेळी हाडाची आतली बाजू खडबडीत, जाळीदार असते. सिमेंटला अडकायला हजारो छिद्रं मिळतात. रिव्हिजनच्या वेळी हाडाच्या आत उरलेली असते गुळगुळीत, कडक साल. एखाद्या जुन्या विहिरीचं शेवाळलेलं बांधकाम जसं हाताला निसटतं, तसं. त्यावर पुन्हा सिमेंट ओतलं तर ते पकड घेत नाही. सत्तरच्या दशकात असं करून पाहिलं गेलं आणि बरेचसे सांधे काही वर्षांतच पुन्हा सैल झाले.

दुसरा सोपा उपाय म्हणजे मोठा कप आणि लांब, जाड स्टेम घालून खड्डा धातूने भरून काढणं. हे चालतं. पण मग विचार करा, पेशंट पंचावन्न वर्षांचा आहे आणि त्याला अजून पंचवीस वर्षं चालायचं आहे. हा मोठा सांधाही कधीतरी सैल होईल. तेव्हा हाड आणखी कमी उरलेलं असेल. आपल्याकडे हा प्रश्न जास्त बोचतो, कारण इथे रक्तपुरवठा तुटून खुब्याचा चेंडू खराब होण्याच्या आजारामुळे तिशी-चाळिशीतच पहिला सांधा बदलावा लागलेले पेशंट पुष्कळ दिसतात.

म्हणून एका गटाच्या सर्जननी वेगळा प्रश्न विचारला: खड्डा धातूने भरण्याऐवजी हाडानेच भरता आला तर?

इम्पॅक्शन बोन ग्राफ्टिंग: कुठून आलं?

हाडाचे तुकडे खुब्याच्या वाटीत भरण्याचे प्रयोग सत्तरच्या दशकात सुरू झाले होते. त्याला शिस्तबद्ध तंत्राचं रूप दिलं ते नेदरलँड्समधल्या नाइमेखन शहरातल्या टॉम स्लोफ यांनी. १९७९ पासून त्यांच्या टीमने वाटीतल्या खड्ड्यात दात्याच्या जाळीदार हाडाचे तुकडे भरून, हातोडीने ठोकून घट्ट करून, त्यावर सिमेंटने कप बसवायला सुरुवात केली. १९८४ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली.

मांडीच्या हाडासाठी हेच तंत्र इंग्लंडमधल्या एक्सेटर इथे रॉबिन लिंग, ग्रॅहम गाय आणि सहकाऱ्यांनी १९८७ पासून वापरलं. त्याच लिंग यांनी इंजिनिअर क्लाइव्ह ली यांच्यासोबत १९७० मध्ये एक्सेटर स्टेम तयार केला होता. या स्टेमची गोष्ट पुढे येईल, कारण हाडाचा चुरा टिकण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

चुऱ्यावर माणसाचं वजन कसं पेलतं?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. हाडाचे सुटे तुकडे, ते एकमेकांना चिकटलेले नाहीत, त्यात जिवंत पेशी नाहीत. मग त्यांच्यावर उभं राहायचं कसं?

याचं उत्तर डॉक्टरांच्या पुस्तकापेक्षा रस्ता बांधणाऱ्या माणसाकडे लवकर मिळेल. रस्त्याखालची खडीसुद्धा सुटीच असते. पण ती पसरून, मुरूम टाकून, वर रोलर फिरवला की त्यावरून भरलेला ट्रक जातो. सुटे दगड एकमेकांत अडकतात, मधल्या फटी बारीक माल भरून काढतो आणि थर सरकेनासा होतो. एडिंबरामधल्या संशोधकांनी तर हाडाच्या चुऱ्याला सरळ माती परीक्षणाच्या इंजिनिअरिंगचे नियम लावून पाहिले. त्यातून आणि नाइमेखनच्या प्रयोगांतून चार गोष्टी पक्क्या झाल्या.

१. तुकड्यांचा आकार. वाटीसाठी तुकडे मोठे लागतात, साधारण ७ ते १० मिलिमीटरचे. फार बारीक भुकटी केली तर पेस्ट होते आणि कप त्यात सरकतो. मांडीच्या हाडाची पोकळी अरुंद असल्याने तिथे खाली लहान तुकडे, साधारण २ ते ४ मिलिमीटरचे, आणि वरच्या रुंद भागात मोठे वापरतात. काँक्रीटसारखंच, निरनिराळ्या आकारांचं योग्य मिश्रण असलं की फटी कमी राहतात.

२. धुणं. ताज्या हाडात चरबी आणि मज्जा असते. ती दोन तुकड्यांच्या मध्ये ग्रीससारखं काम करते. शिवाय ठोकताना चरबी आणि पाणी फटीत अडकलं तर ठोक्याचा जोर हाडाऐवजी त्या द्रवावरच जातो. ओल्या चिखलावर रोलर फिरवून रस्ता होत नाही, तसंच हे. म्हणून सलाइनच्या जोरदार फवाऱ्याने तुकडे धुऊन चरबी काढतात. प्रयोगांत धुतलेल्या चुऱ्याची स्थिरता स्पष्टपणे जास्त आढळली. धुण्याने दात्याच्या मज्जेतल्या पेशीही निघून जातात, तो वेगळा फायदा.

३. ठोकणं. नुसतं बोटाने दाबून चालत नाही. गोल टोकाच्या धातूच्या ठोकण्यांवर हातोडी मारून थरावर थर घट्ट करतात. जमीन करताना जुनी माणसं धुमसाने ठोकायची, तोच हिशोब. पोकळ्या राहिल्या तर पुढे वजन पडल्यावर थर दबतो आणि कप कलंडतो.

४. बंद जागा. कितीही ठोका, बाजूने भिंत नसेल तर खडी पसरणारच. म्हणून वाटीची कड किंवा तळ गेलेला असेल तर तिथे आधी स्टीलची जाळी स्क्रूने बसवतात. उघडा खड्डा असा बंद करून घेतला की मगच चुरा भरतात.

ऑपरेशन टप्प्याटप्प्याने: वाटीची बाजू

- जुना कप, सिमेंट आणि त्यांच्याभोवती जमलेला मऊ पडदा पूर्ण काढतात. ठिकठिकाणचे नमुने लॅबला पाठवतात, कारण लपलेला जंतुसंसर्ग असेल तर सगळी मेहनत वाया जाते.
- खड्डे किती, कुठे, कड शाबूत आहे का, हे नीट तपासतात. एक्स-रेवर दिसतं त्यापेक्षा प्रत्यक्षात हाड जास्त गेलेलं असतं, हा नेहमीचा अनुभव.
- गरज असेल तिथे जाळी लावून खड्डा बंद करतात.
- गुळगुळीत झालेल्या सालीत बारीक छिद्रं पाडतात. त्यातून रक्त येतं आणि पुढे चुऱ्यापर्यंत नव्या रक्तवाहिन्या पोहोचायला वाट मिळते.
- आधी लहान खळगे, मग पूर्ण वाटी, असा थराथराने चुरा ठोकतात. कुठेही थर किमान ५ मिलिमीटर जाडीचा राहील असं पाहतात.
- त्यावर अँटिबायोटिक मिसळलेलं सिमेंट दाबून भरतात आणि कप बसवतात. सिमेंट चुऱ्याच्या वरच्या फटींत घुसून अडकतं. शेवाळलेल्या सालीवर न मिळालेली पकड इथे मिळते.

मांडीच्या हाडाची बाजू

इथे पोकळी म्हणजे नळी. आधी नळी साफ करून खाली, सगळ्यात खालच्या खराब जागेच्याही पुढे, एक बूच बसवतात. बूच नसेल तर चुरा खाली घसरत जाईल. बुचाला जोडलेल्या तारेवरून पोकळ ठोकण्या सरकवत खालून वर चुरा भरत येतात. मग खऱ्या स्टेमपेक्षा किंचित मोठा, त्याच आकाराचा साचा चुऱ्यात ठोकतात. साचा बाहेर काढला की चुऱ्यात स्टेमच्या आकाराची नवी नळी तयार. ती इतकी घट्ट असायला हवी की साचा हाताने फिरवला तर फिरू नये. मग सिमेंट आणि शेवटी खरा स्टेम.

आता एक्सेटर स्टेमची गोष्ट. तो पाचरीसारखा निमुळता आणि आरशासारखा गुळगुळीत आहे. १९७६ मध्ये त्याचा पृष्ठभाग खडबडीत केला गेला. खडबडीत असेल तर सिमेंट जास्त धरेल, असं कुणालाही वाटेल. झालं उलट, खडबडीत स्टेम जास्त सैल झाले. १९८६ मध्ये पुन्हा गुळगुळीत स्टेम आणला. कारण असं: गुळगुळीत पाचर सिमेंटमध्ये किंचित खाली सरकते आणि लाकडात ठोकलेल्या पाचरीसारखी घट्ट होत जाते. वरून येणारं वजन बाजूला दाबात बदलतं. तो दाब सिमेंटमधून चुऱ्यावर जातो आणि चुरा दाबलेलाच राहतो. खडबडीत स्टेम मात्र हलला की सिमेंटला खरवडतो.

म्हणून या पद्धतीनंतर एक्स-रेमध्ये स्टेम एक-दोन मिलिमीटर खाली गेलेला दिसला तर घाबरायचं कारण नसतं. तो तसा जाण्यासाठीच बनवला आहे. सेंटिमीटरभर किंवा जास्त सरकला, किंवा सरकायचा थांबतच नाही, तर मात्र चुरा नीट ठोकला गेला नसण्याची किंवा हाडाला भेग गेल्याची शंका घ्यावी लागते.

भरलेला चुरा पुढे जिवंत होतो का?

होतो, बराचसा. दात्याचं हाड मृत असतं. ते स्वतः वाढत नाही, पण नव्या हाडाला चढायला मांडव देतं. वेलीला काठ्या लावतो तसा. पेशंटच्या हाडातून बारीक रक्तवाहिन्या चुऱ्यात शिरतात. त्यांच्यासोबत आलेल्या पेशी जुना तुकडा थोडा खातात आणि तिथे नवं हाड घालतात. कडेपासून आतल्या बाजूला असं काम महिनोन्‌महिने, काही ठिकाणी वर्षानुवर्षं चालतं.

यात वजनाचा वाटा आहे. जिथे भार पडतो तिथे हाड तयार होतं, जिथे पडत नाही तिथे विरतं. जर्मन सर्जन युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेलं हे तत्त्व इथे थेट लागू पडतं. चुऱ्यावर माफक भार पडला की तो हाडात बदलतो. भार अजिबात नाही तर तो विरू शकतो, आणि फार लवकर फार जास्त भार पडला तर थर खचतो. सगळी कसरत या दोन टोकांच्या मधली.

काही वर्षांनी दुसऱ्या कारणाने ऑपरेशन करावं लागलेल्या पेशंटांकडून घेतलेल्या नमुन्यांत चुऱ्याच्या जागी जिवंत जाळीदार हाड आढळलं आहे. सिमेंटला लागून असलेले काही मृत तुकडे तसेच राहतात. ते तिथे बंदिस्त असतात आणि सहसा त्रास देत नाहीत.

निकाल किती चांगले आहेत?

- वाटी: नाइमेखनच्या टीमने आपल्या रिव्हिजनच्या पेशंटांचा वीस वर्षांहून जास्त पाठपुरावा केला. वीस वर्षांनंतर सुमारे चारपैकी तीन कप जागेवर होते. जंतुसंसर्गाशिवाय सैल होणं एवढंच कारण धरलं तर हे प्रमाण आणखी जास्त, सुमारे ८७ टक्के.
- मांडीचं हाड: एक्सेटरच्या २२६ सांध्यांच्या मालिकेत दहा ते अकरा वर्षांनंतर ९० टक्क्यांहून थोड्या जास्त सांध्यांना मांडीच्या बाजूला कुठलंही पुन्हा ऑपरेशन लागलं नव्हतं. केवळ सैल झाल्यामुळे पुन्हा ऑपरेशन लागणं तर फारच क्वचित, एक टक्क्याच्या आसपास.

हे आकडे वाचताना एक भान ठेवा. ही दोन्ही केंद्रं या तंत्राची जन्मस्थानं. तिथल्या सर्जनचे हात वर्षानुवर्षं त्यावर बसलेले. हे तंत्र जितकं साहित्यावर, त्याहून जास्त हातावर अवलंबून आहे. नीट ठोकलेला आणि अर्धवट ठोकलेला चुरा ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक्स-रेमध्ये जवळपास सारखाच दिसू शकतो. फरक दोन वर्षांनी कळतो.

कुठे अडतं?

हाड मोडणं. मांडीच्या बाजूची ही सगळ्यात मोठी गुंतागुंत. पातळ झालेल्या नळीत जोराने ठोकताना किंवा नंतर काही महिन्यांत हाडाला भेग जाऊ शकते. म्हणून कमजोर जागी आधीच तारा गुंडाळतात, आणि जागा फारच पातळ असेल तर तिच्या बऱ्याच खालपर्यंत जाणारा लांब स्टेम घेतात.

फार मोठा खड्डा. वाटीची अर्धी कड गेलेली असेल, किंवा कमरेच्या हाडाचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांपासून सुटलेला असेल, तर नुसती जाळी आणि चुरा पुरत नाही. सर्जन अशा खड्ड्यांची प्रत ठरवायला पाप्रोस्की वर्गीकरण वापरतात. त्यातल्या ३-बी या सगळ्यात वाईट गटात चुऱ्यासोबत धातूचा भक्कम आधार लागतोच.

जंतुसंसर्ग. संसर्ग असताना मृत हाड भरणं म्हणजे जंतूंना घर देणं. बहुतेक वेळा आधी सगळं काढून, अँटिबायोटिकचा तात्पुरता ठोकळा ठेवून, संसर्ग गेल्यावर दुसऱ्या टप्प्यात ग्राफ्ट करतात.

वेळ. थराथराने ठोकायला वेळ लागतो. खूप वयस्कर आणि हृदयाचा त्रास असलेल्या पेशंटसाठी लवकर आटोपणारं ऑपरेशन जास्त शहाणपणाचं ठरू शकतं.

मग दुसरे पर्याय काय?

- सच्छिद्र धातूचे कप आणि ठोकळे: टँटलम किंवा टायटॅनियमचे, स्पंजासारखे. पेशंटचं हाड त्यांच्या छिद्रांत वाढतं. पण त्यासाठी सुरुवातीलाच पकड घट्ट लागते. इम्प्लांट आणि हाड यांच्यात सुमारे १५० मायक्रॉनपेक्षा जास्त हालचाल होत राहिली, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा थोडी जास्त, तर हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर तयार होतो. आज जगभर बरेच सर्जन मोठ्या खड्ड्यांसाठी हाच पर्याय घेतात.
- लांब, खाचा असलेले टायटॅनियम स्टेम: वरचं खराब हाड सोडून खालच्या चांगल्या हाडात पकड घेतात. ऑपरेशन तुलनेने लवकर होतं. गेलेलं हाड मात्र हा स्टेम स्वतः भरून देत नाही.
- दात्याच्या हाडाचा अखंड मोठा तुकडा: लगेच आधार मिळतो, पण एवढ्या जाड तुकड्यात रक्तवाहिन्या पूर्ण शिरत नाहीत. काही वर्षांनी तो आतून विरून खचण्याचा धोका असतो.
- धातूचा पिंजरा किंवा पेशंटच्या सीटी स्कॅनवरून बनवलेलं खास इम्प्लांट: अगदी शेवटच्या टोकाच्या केसेससाठी.

हे पर्याय एकमेकांचे शत्रू नाहीत. सच्छिद्र धातूने कड उभी करायची आणि आतला खळगा चुऱ्याने भरायचा, असं एकत्र कामही होतं. मोघम सांगायचं तर, पेशंट जितका तरुण, तितकं हाड परत मिळवण्याचं मोल जास्त. खड्डा जितका मोठा आणि उघडा, तितकी धातूची गरज जास्त.

एवढं हाड येतं कुठून?

स्वतःच्या कमरेचं हाड काढता येतं, पण रिव्हिजनला लागेल एवढं मिळत नाही आणि काढलेली जागा दुखत राहते. मुख्य स्रोत वेगळाच आहे. पहिल्यांदा हिप रिप्लेसमेंट होणाऱ्या पेशंटच्या मांडीच्या हाडाचा जो गोल चेंडू कापून काढतात, तो अनेकदा कचऱ्यात जातो. तोच पेशंटच्या संमतीने बोन बँकेत ठेवतात. एका रिव्हिजनला अनेकदा असे दोन किंवा त्याहून जास्त चेंडू लागतात.

दात्याची एचआयव्ही, हेपटायटिस बी, हेपटायटिस सी आणि सिफिलिससाठी तपासणी होते. हाडाचे नमुने जंतूंसाठी तपासतात. मग ते उणे ८० अंश सेल्सियसच्या आसपास गोठवून ठेवतात, किंवा प्रक्रिया करून गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. किरणांचा डोस जास्त झाला तर हाड ठिसूळ होतं, त्यामुळे तिथेही मोजूनमापून काम.

मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक १९८८ पासून काम करते आहे. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला. म्हणजे हाडाचं दानसुद्धा आता त्याच कायद्याच्या कक्षेत येतं. डोळे आणि किडनीदानाबद्दल आपल्याकडे बोललं जातं, हाडाबद्दल फार कमी. तुमच्या घरात कुणाचा खुबा पहिल्यांदा बदलणार असेल तर काढलेला चेंडू बोन बँकेला देता येईल का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा. दात्याला त्यासाठी वेगळं ऑपरेशन लागत नाही, थोडी तपासणी आणि एक सही पुरते.

हाड कमी पडतं म्हणून कॅल्शियम फॉस्फेटचे सिरॅमिक दाणे चुऱ्यात मिसळून तो वाढवतात. ते हाडाला साथ देतात, पण ठोकताना हाडाइतके दबून एकमेकांत बसत नाहीत, कारण ते ठिसूळ असतात.

ऑपरेशननंतर

पहिल्या हिप रिप्लेसमेंटनंतर दुसऱ्याच दिवशी चालवतात, तसंच इथेही होईल असं धरू नका. कपासाठी मोठा ग्राफ्ट केला असेल तर सुरुवातीचे सहा आठवडे पाय फक्त टेकवायचा, पुढचे सहा आठवडे हळूहळू वजन वाढवायचं, असा क्रम अनेक केंद्रं पाळतात. कुबड्या किंवा वॉकर लवकर सोडायची घाई करू नये. ओला स्लॅब आहे, सेंट्रिंग काढू नका, असं समजा.

पुढच्या एक्स-रेमध्ये डॉक्टर तीन गोष्टी पाहतात: कप किंवा स्टेम सरकला का, चुरा आणि मूळ हाड यांच्या मध्ये काळी रेघ आली का, आणि मूळ हाडाच्या जाळीच्या रेषा चुऱ्यात शिरताना दिसतात का. तिसरी गोष्ट दिसली की ग्राफ्ट लागला असं म्हणतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्याचं हाड शरीर नाकारणार नाही का?
किडनीसारखं नाही. धुतलेल्या, गोठवलेल्या हाडात जिवंत पेशी जवळपास उरत नाहीत. त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागत नाहीत.

आजार पसरण्याचा धोका?
तपासणी आणि प्रक्रियेमुळे अतिशय कमी, पण शून्य म्हणता येत नाही. हाड कुठल्या बँकेतून येणार हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

सिगारेट-तंबाखूचा फरक पडतो का?
पडतो. रक्तवाहिन्या शिरल्या तरच चुरा हाड होतो, आणि धूम्रपान नेमकं त्यालाच आडवं येतं.

डॉक्टरांना काय विचारावं?
माझा खड्डा कुठल्या प्रतीचा आहे? जंतुसंसर्ग नाही हे कसं तपासलं? हाड भरणार की धातू, आणि माझ्या वयाला ते का योग्य? तुम्ही अशी किती रिव्हिजन केली आहेत? किती आठवडे वजन टाकायचं नाही?

थोडक्यात

रिव्हिजनमध्ये खरा तुटवडा हाडाचा असतो. धुतलेले, योग्य आकाराचे तुकडे बंद खड्ड्यात थराथराने ठोकले तर नव्या सांध्याला लगेच आधार मिळतो आणि पुढे तेच तुकडे पेशंटचं स्वतःचं हाड होतात. तिसऱ्यांदा ऑपरेशनची वेळ आलीच, तर त्या सर्जनला काम करायला हाड उरलेलं असतं. सगळ्यांना ही पद्धत लागू नाही आणि हातात सवय नसेल तर ती फसते. हा लेख माहितीसाठी आहे, तुमच्यासाठी काय योग्य ते एक्स-रे आणि सीटी स्कॅन पाहून तुमचे ऑर्थोपेडिक सर्जनच सांगू शकतील.